सोबत तीन कात्रणं जोडावीत

ती. मामांना,

साष्टांग नमस्कार. (तो कागदावरच स्वीकारावा. मी ज्या खोलीत बसून लिहिते आहे ती नऊ फूट बाय सात फूट आहे. तीत एक टेबल, दोन स्टुलं आणि एक लोखंडी कपाट आहे. प्रत्यक्ष साष्टांग घालायचा तर माझे पाय बाहेर कॉरिडॉरमध्ये जातील आणि त्यांच्यावरून स्ट्रेचर जाईल.)

तुमचा रक्तदाब आटोक्यात असेल आणि मामीचा गुडघा जिने चढण्याइतपत बरा असेल, असं धरून चालते. आई ठीक आहे. दोन महिन्यांत तुमचा फोन आला नाही असं तिचं म्हणणं आहे. मी तिला सांगितलं की निवृत्त माणसाला वेळ मिळत नाही, त्यातून तुम्ही आठवड्यातले तीन दिवस अजून ऑफिसात मथळे सुधारायला जाता. त्यावर ती म्हणाली, "उरलेले चार दिवस काय बोटं सुजतात का?" मी हा निरोप नाही, नुसती नोंद म्हणून कळवते आहे.

पत्राला खास कारण असं काही नाही. (कारण असलेली पत्रं तुम्ही अर्ध्यावर सोडता, असं मामी म्हणते.) आमची हालहवाल कळवावी एवढंच. आणि ती तुम्हालाच कळवावी, कारण आपल्या घराण्यात बातमी कशाला म्हणतात हे समजणारे तुम्ही एकटेच. आम्हा बाकीच्यांना फक्त काय घडलं तेवढंच समजतं.

आमची संस्था कानाची मशीनं फुकट दुरुस्त करते हे तुम्हाला माहीत आहे. मागच्या वर्षी जेवताना तुम्ही "पण यात बातमी काय?" असं विचारलं होतंत. संस्था म्हणजे दोन माणसं. अध्यक्ष टेलिफोन खात्यातले निवृत्त मेकॅनिक आहेत. समोरासमोर बसूनही ते "हं, बोला" म्हणेपर्यंत मी सुरुवात करायची नसते. दुसरी मी. दिवसा कारखान्यात मोजमापाची उपकरणं तपासते आणि संध्याकाळी पाच ते सात, शिवाय शनिवारी दिवसभर, इथे असते. गेल्या वर्षी ४१२ मशीनं आली. त्यातली ३७१ चालू झाली, ४१ झाली नाहीत. चालू झालेल्यांपैकी २१५ मशीनांत बिघाड असा नव्हताच. नळीत मळ होता, नाहीतर बॅटरीच्या जागी ओल धरली होती. (माणूस सहा महिने घरच्यांशी भांडतो, घरचे त्याच्याशी बोलणं सोडतात, आणि मधे असतो तो मळ, मोहरीएवढा.)

खोली हॉस्पिटलची आहे. पूर्वी तिथे एक्स-रे काढत, म्हणून भिंतींत शिसं आहे आणि खिडकी नाही. त्यामुळे ही या शहरातली सगळ्यात शांत खोली असावी. (मी सगळ्या खोल्या मोजलेल्या नाहीत, म्हणून "असावी".) मशीन चालू झालं की नाही हे कोणीही सांगेल, पण ते पुरेसं आणि स्वच्छ ऐकवतं का, हे तपासायला शांतता लागते. बाकी आमचा सगळा संसार दोन डब्यांत मावतो. अध्यक्षांच्या घरी जाऊन तिथला आवाज मोजला. खाली लेथचा कारखाना आहे, आकडा सांगण्यात अर्थ नाही. म्हणजे खोली गेली तर संस्था गेली. तीन वर्षांचा करार आठ महिन्यांपूर्वी संपला आणि अधीक्षकांना खोली परत हवी आहे. सभागृहात नव्या खुर्च्या आल्या आहेत, जुन्या कुठे ठेवायच्या हा प्रश्न आहे. जुन्या खुर्च्यांना शांतता लागते असं दिसतं.

मुदतवाढीचा अर्ज आम्ही वेळेत केला होता. तो परत आला. त्यात एक कलम आहे: संस्थेच्या कार्याची दखल घेतली गेल्याचा पुरावा म्हणून मागील बारा महिन्यांतील वृत्तपत्रांची किमान तीन कात्रणं सोबत जोडावीत. मी हॉस्पिटलच्या हेडक्लार्क बाईंपुढे आमचं रजिस्टर ठेवलं. ४१२ नावं, ४१२ सह्या, काही ठिकाणी अंगठे. बाई वाईट नाहीत. त्यांनी चष्मा लावून चार पानं उलटली आणि म्हणाल्या, "रजिस्टर तुमचं तुम्हीच लिहिता हो. बातमी दुसरा कोणी लिहितो. म्हणून ती खरी." यावर काही उत्तर तुम्हाला सुचलं तर कळवावं. तुम्ही तीस वर्षं त्याच धंद्यात काढली आहेत.

मग मी प्रसिद्धिपत्रक लिहिलं. चार पानं झाली. त्यात एक तक्ता होता आणि मोजमापात किती चूक संभवते तेही तळटीपेत दिलं होतं. अध्यक्षांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, त्या एक्केचाळिसांचं सांगायलाच हवं का? मी म्हटलं, ४१२ आली आणि ३७१ चालू झाली असं लिहिलं की उरलेली कोणीही काढेल. ते म्हणाले, "पोरी, वजाबाकी कोणी करत नाही, जोवर तू करून देत नाहीस." मी करून दिली. ठळक अक्षरांत दिली. अकरा वर्तमानपत्रांना हाताने नेऊन दिली. नऊ ठिकाणी त्याचं काय झालं कळलं नाही. दहाव्या ठिकाणाहून फोन आला, उद्घाटनाला कोण येणार? मी म्हटलं, उद्घाटन साडेतीन वर्षांपूर्वी झालं, कोणी आलं नव्हतं. तिकडून "बरं, बरं" असा आवाज आला. दवाखान्यात नातेवाइकांची समजूत घालताना येतो तसा.

अकराव्याने छापलं. "थोडक्यात" या सदरात, दोन ओळी, एका हरवलेल्या पाकिटाच्या वर. चार पानांतलं इतकंच उरलं होतं की कानाची मशीनं विनामूल्य दुरुस्त होतात, संपर्कासाठी पुढील क्रमांक. क्रमांकातले शेवटचे दोन आकडे उलटे पडले होते.

तो क्रमांक एका मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांचा निघाला. मामा, इथे तुम्ही क्षणभर थांबून त्या माणसाची अवस्था डोळ्यांपुढे आणा. त्यांना दिवसभर फोन आले आणि प्रत्येक फोन अशा माणसाचा, ज्याचं कानाचं मशीन बंद पडलेलं आहे. मास्तर ओरडून सांगत, राँग नंबर. पलीकडून विचारणा होई, कधी येऊ? मास्तर आणखी ओरडत, इथे गाडी शिकवतात! पलीकडून येई, दहा वाजता, बरं, पत्ता आहे माझ्याकडे. (स्कूलचा नंबर आणि पत्ता पाटीवर आहे, पाटी शहरभर आहे.) दुसऱ्या दिवशी दहा वाजता त्यांच्या बाकावर अकरा माणसं मशीनं रुमालात बांधून बसली होती. मास्तरांनी फळ्यावर "इथे नाही" असं लिहिलं. लोकांनी ते वाचलं, मान डोलावली आणि ते बसून राहिले. इतक्या वर्षांत त्यांना कोणी "इथे" म्हटलेलंच नव्हतं, त्यामुळे "इथे नाही"ला ते उठत नाहीत. शेवटी मास्तरांनी वर्तमानपत्राच्या कचेरीत फोन करून आमचा ठावठिकाणा काढला आणि त्या अकरा जणांना, दोन्ही बाजूंना ब्रेक असलेल्या शिकवणीच्या गाडीतून, तीन फेऱ्यांत आमच्याकडे आणून सोडलं. माझ्यापुढे उभे राहून म्हणाले, "बाई, मी लोकांना गाडी शिकवतो. कालपासून सत्तावीस जणांना हे शिकवतोय की मी तुम्ही नाही. एकही पास झाला नाही." त्यांच्याकडे एक वहीही होती. तीत सत्तावीस नावं, वेळा आणि "जोरात बोलावे" अशा सूचना सुवाच्य अक्षरात. आमच्या कार्याची दखल घेणारा या शहरातला हा पहिला माणूस. त्याचं कात्रण होत नाही.

वर्तमानपत्राने तिसऱ्या दिवशी सातव्या पानावर दुरुस्ती छापली: "परवाच्या अंकातील दूरध्वनी क्रमांक चुकीचा असून योग्य क्रमांक पुढीलप्रमाणे." तो बरोबर होता, फक्त कोणाचा ते लिहिलं नव्हतं. मी दोन्ही तुकडे कापून बाईंकडे नेले. मला वाटलं दुसरा नाकारतील. बाईंनी दोन्ही चिकटवले. म्हणाल्या, "चूक छापली ती एक, सुधारली ती दुसरी. कलमात कुठे लिहिलंय की बातमी तुमचीच हवी?" मला त्या दिवशी प्रथमच बाईंबद्दल आदर वाटला. मोजण्याची एक पद्धत ठरवायची आणि तिला चिकटून राहायचं, यापलीकडे मीही काही करत नाही.

तिसऱ्यासाठी अध्यक्षांनी टीव्हीवाल्यांना गाठलं. एक मुलगी आणि एक कॅमेरावाला आले. मुलगी माझ्याच वयाची, बोलायला गोड, घाईत. तिने खोली पाहिली, तक्ता पाहिला नाही. म्हणाली, "ताई, मला तो क्षण हवा. बाळ पहिल्यांदा आईचा आवाज ऐकतं ना, तो." मी सांगितलं, तसा क्षण आमच्याकडे होत नाही. आमच्याकडे आधी ऐकू येत असलेली माणसं येतात, मधे थांबतात आणि पुन्हा ऐकू लागतात. ती म्हणाली, "हो हो, तेच, फक्त पहिल्यांदा." योगायोगाने एक सात वर्षांची मुलगी आईबरोबर आली होती, सोमवारी दुरुस्त केलेलं मशीन दाखवायला. ते उत्तम चालत होतं. कॅमेऱ्यासाठी ते काढलं आणि घातलं. आई रडली. उजेड कमी पडला म्हणून पुन्हा काढलं, घातलं. आई पुन्हा रडली. (मी हे तुच्छतेने लिहीत नाही. ती बाई प्रत्येक वेळी खरंच रडत होती. तिला कारणांचा तुटवडा नव्हता.) चौथ्या वेळी त्या सात वर्षांच्या मुलीने कॅमेऱ्याकडे पाहून स्पष्ट आवाजात विचारलं, "ही ताई इतकी का ओरडते?" ते कापलं. मी म्हटलं होतं की यात चमत्कार नाही, ओल होती, तेही कापलं. नेमके त्या वेळी अधीक्षक कॉरिडॉरमधून चालले होते. कॅमेरा दिसताच आत आले, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि आमचं हॉस्पिटल असे उपक्रम सातत्याने राबवतं, असं म्हणाले. हेच अधीक्षक, ज्यांची खोली रिकामी करण्याची नोटीस त्या क्षणी माझ्या कपाटाला आतून चिकटवलेली होती. एकूण अडतीस सेकंद दाखवलं. त्यात एकोणीस सेकंद अधीक्षक. खाली पट्टी होती: मूकबधिर मुलीला मिळाला आवाज.

टीव्हीचं कात्रण होत नाही. मी पडद्याचा फोटो छापून नेला होता. बाई म्हणाल्या, "हा फोटो झाला. कात्रणाला मागे दुसरी बातमी असते."

यापुढचं थोडक्यात लिहिते. ती पट्टी पाहून पुढच्या दोन आठवड्यांत नऊ आया मुलांना घेऊन आल्या. एक सहा तास बसमधून आली. त्या मुलांना जन्मापासून ऐकू येत नव्हतं. कानाच्या मशीनने आवाज मोठा होतो, जिथे तो पोहोचतच नाही तिथे मोठा करून उपयोग नसतो. त्यांना कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं त्याची चिठ्ठी मी लिहून दिली. पण आधी नाही म्हणावं लागलं, आणि ते नऊ वेळा म्हणावं लागलं. अध्यक्ष चौथ्या वेळेपासून बाहेर जाऊन उभे राहू लागले. एक आई म्हणाली, "पण टीव्हीवर तुम्हीच होतात ना?" मी तीन सेकंद होते. मी हो म्हटलं.

त्यानंतर एक तरुण वार्ताहर आला. तुमच्या वर्तमानपत्राचा. अत्यंत सभ्य, पेन खिशाला, वही गुडघ्यावर. त्याने तक्ता मागून घेतला आणि तळटीपही वाचली. मामा, तीन वर्षांत तळटीप वाचणारा हा पहिला माणूस. मी त्याला सगळं सांगितलं. करार कधी संपला ते तारखेसह सांगितलं. मुदतवाढ मिळालेली नाही हेही सांगितलं. तो जाताना म्हणाला, "तुमच्याइतकं नीट कोणी सांगत नाही." मी त्या दिवशी अध्यक्षांना चहा पाजला.

बुधवारी बातमी आली. शहर पुरवणीचं पहिलं पान, तीन कॉलम, दाराच्या फोटोसकट. मथळा: "कानांच्या नावाखाली खोलीवर कबजा". खाली, करार संपून आठ महिने झाले तरी खोली सोडलेली नाही. एक्केचाळीस मशीनं निकामी अवस्थेत परत केली. निम्म्याहून अधिक मशीनांत मुळात बिघाडच नव्हता, अशी कबुली संस्थेनेच दिली. टीव्हीवर पाहून आलेल्या नऊ मातांना रिकाम्या हाती परतावं लागलं. शेवटी अधीक्षकांची खंत. माझं नाव होतं, पदवीसह. पत्ता बरोबर, वेळा बरोबर, फोन नंबर शेवटच्या आकड्यापर्यंत बरोबर. मी पेन्सिल घेऊन ओळ न् ओळ तपासली. एकही आकडा चुकीचा नव्हता. सगळे माझेच होते. फक्त ओळीने उभे त्यांनी केले होते.

मी ते कापून बाईंकडे नेलं. दुसरं काय करणार? बाईंनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं आणि डिंकाची बाटली उघडली. "चांगली की वाईट, असं कलमात नाही. तीन झाली. अर्ज पूर्ण." मी विचारलं, म्हणजे आता मंजूर होईल? तेव्हा त्या जरा हळू बोलल्या. "अगं, अपुरा अर्ज नाकारता येत नाही, नुसता परत करता येतो. म्हणून तर आठ महिने टिकलात. पूर्ण अर्ज मात्र नाकारता येतो." अर्जांवर निर्णय देणाऱ्या समितीची बैठक चोवीस तारखेला आहे.

तर अशी आमची खुशाली. लोक आता आम्हाला ओळखतात. भाजीच्या दुकानात एकाने विचारलं, कबजावाल्या त्या तुम्हीच ना? ड्रायव्हिंगचे मास्तर अजून रोज दोन-तीन जणांना आणून सोडतात. त्यांचा नंबर लोकांनी पाठ केला आहे, दुरुस्ती कोणी वाचलेली नाही. बुधवारच्या बातमीनंतर त्यांनी मला विचारलं, "बाई, आता हे सुधारून कधी छापणार?" मी म्हटलं, यात चूक नाही, त्यामुळे सुधारता येत नाही. ते गाडीत बसले आणि पुढच्या दोघांना आणायला गेले.

मामीला नमस्कार. तुम्ही तब्येतीला जपा, आणि आईला फोन करा. मुद्दा नसला तरी चालेल.

तुमची भाची

ता. क. वर मी बातमीतल्या मजकुराची तक्रार केलेली नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. मी गुरुवारी तुमच्या ऑफिसात फोन केला होता. मथळा कोणी दिला असं विचारलं. पलीकडचा मुलगा उत्साहाने म्हणाला, "सरांचा आहे. मंगळवारी सरच असतात. आवडला ना?" मी हो म्हटलं. क-कार छान जुळला आहे. मथळ्याखाली दुसऱ्या ओळीत माझं नाव होतं. तुम्ही ते पाहिलं नसेल असं मी स्वतःला दोन दिवस सांगून पाहिलं; पण वाचायला काही कान लागत नाहीत. आईला अजून सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

ता. क. २. खुलासा नको आहे. खुलासा सातव्या पानावर येतो, ते आम्ही अनुभवलं आहे. मला हवं आहे ते वाचकांच्या पत्रव्यवहारात, चोवीस तारखेच्या आत, चौदा ओळींचं एक पत्र, तुमच्या पूर्ण नावाने. मजकूर मी सुचवणार नाही. वस्तुस्थिती मात्र माझ्याकडे नोंदलेली आहे. गेल्या दीड वर्षात मामी चार वेळा एक मशीन घेऊन आली आणि चारही वेळा रजिस्टरात तिने स्वतःचं नाव घातलं. मशीनाबरोबर कानातला साचा असतो, आणि साचा ज्याच्या कानाचा असतो त्याच्याच कानाचा असतो. मामीचा कान लहान आहे. मी काही विचारलं नाही. न विचारणं ही आपल्या घराची रीत आहे आणि संस्थेचीही. तुम्हाला ऑफिसात कोणाला कळू द्यायचं नाही, हेही मला समजतं. माझ्या तोंडून किंवा रजिस्टरातून ते कोणालाही कळणार नाही, खोली गेली तरी. पण ३७१ माणसांपैकी ज्याचं लिहिलेलं समिती वाचेल असा एकच माणूस माझ्या माहितीत आहे, आणि त्याने लिहिलं तर ती बातमी होते की नाही, हे ठरवायला तोच सगळ्यात लायक आहे.

ता. क. ३. पत्र लिहिलंत किंवा नाही लिहिलंत, मशीनाला त्याची अट नाही. ते तयार आहे. आवाज आता व्यवस्थित येतो, पण साचा सैल झाला आहे, म्हणून शिटी वाजते आणि तुम्ही ते खिशात ठेवता. नवा साचा घ्यावा लागेल. त्यासाठी कान स्वतः यावा लागतो, मामीच्या हाती पाठवता येत नाही. संध्याकाळी पाच ते सात. जिना चढून उजवीकडे वळा, दार फोटोत आहे तेच.